खुबा व गुडघेदुखी : भौतिकोपचाराचा आधार

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० साली सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे नेरूळ येथे लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे ऐन तारुण्यात संसार थाटणारी पिढी आज साठी-सत्तरीत पोचली आहे. ज्या जिन्यांवरून दळणाचे डबे सहज वर नेले जात, तेच जिने आता अनेकांना डोंगरासारखे वाटतात. करावे, सारसोळे यांसारख्या मूळ गावांत उकिडवे बसून मासळी निवडण्यात व ओझी वाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या स्त्रियांची तक्रारही निराळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लक्ष लोकांना सांध्यांच्या झिजेचा विकार होता. त्यांत गुडघ्याच्या रुग्णांची संख्या सर्वांत मोठी होती.

अशा वेळी घरोघरी मिळणारा सल्ला म्हणजे विश्रांती. दुखणे अचानक बळावले असता थोडी उसंत घेणे योग्यच. परंतु झिजेमुळे होणाऱ्या वेदनेत महिनोन्‌महिने हालचाल टाळल्यास दुखणे कमी न होता वाढीस लागते. नियमित व योग्य मात्रेतील व्यायाम हा या विकारावरील उपचारांचा पाया असल्याचे आज वैद्यकशास्त्र मानते.

वेदना का वाढते?

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकताना तिच्यावर दाब येतो व उचलताना तो सुटतो. या क्रियेतून सांध्यातील द्रव तिच्यात आत-बाहेर खेळतो आणि तिचे पोषण होते. हालचाल थांबली की हे पोषणही मंदावते.

सांध्याचा दुसरा आधार म्हणजे स्नायू. मांडीच्या पुढील भागातील स्नायू पावलागणिक बसणारा धक्का झेलतात. वेदनेच्या भीतीने चालणे सोडल्यास हे स्नायू रोडावतात, धक्का थेट सांध्यावर बसतो आणि वेदना अधिकच वाढते. हे दुष्टचक्र तोडणे हाच भौतिकोपचाराचा हेतू होय.

खुबा आणि गुडघा यांचा परस्परसंबंधही ध्यानात घेतला पाहिजे. एका पायावर भार असताना कमरेचा तोल नितंबाच्या बाजूचे स्नायू सांभाळतात. ते दुर्बल झाले की मांडी आत झुकते आणि गुडघ्यावर वाकडा ताण येतो. शिवाय दोन्ही सांध्यांना काही समान मज्जातंतू जात असल्याने खुब्याच्या विकाराची वेदना कधीकधी गुडघ्यात जाणवते. म्हणूनच जाणकार भौतिकोपचारतज्ज्ञ गुडघेदुखीच्या रुग्णाचा खुबाही तपासतात.

उपचाराचे स्वरूप

भारतात या शास्त्राच्या शिक्षणाचा आरंभ १९५० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाला. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ साली स्थापन झाली. तरीही भौतिकोपचार म्हणजे शेक आणि विजेची यंत्रे, हा समज अद्याप गेलेला नाही. शेकाने तात्पुरता आराम मिळतो. टिकाऊ सुधारणा घडते ती व्यायामाने.

नेहमी दिले जाणारे काही व्यायाम साधे आहेत. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो पाच सेकंद खाली दाबणे. उताणे निजून एक गुडघा दुमडणे व दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे. दोन्ही गुडघे दुमडून कंबर वर उचलणे. कुशीवर निजून वरचा पाय बाजूला उचलणे. आणि खुर्चीवरून शक्यतो हातांचा आधार न घेता उठणे-बसणे. यांतील कोणते व किती करावेत हे तपासणीनंतर ठरवावे. व्यायाम करताना सौम्य दुखले तर घाबरू नये. मात्र वाढलेली वेदना दुसऱ्या सकाळपर्यंत टिकल्यास मात्रा कमी करावी. फरक जाणवण्यास साधारणतः सहा ते बारा आठवडे लागतात. झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा निर्माण होत नाही. पण वेदना घटते व चालण्याची शक्ती वाढते.

वजन कमी केल्यानेही मोठा लाभ होतो. शरीराचे वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय प्रथम टाकावा, उतरताना दुखरा.

केव्हा थांबू नये

सांधा लाल व गरम होणे, सोबत ताप येणे, पडल्यानंतर पायावर भार देता न येणे, गुडघा अडकणे किंवा पोटरी एकाएकी सुजणे, यांपैकी काही आढळल्यास व्यायाम न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. झीज पराकोटीला पोचल्यास सांधेरोपणाची शस्त्रक्रिया करावी लागते. पण त्यानंतरही भौतिकोपचार चुकत नाही.

सोय आणि जबाबदारी

नेरूळ येथे डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ आणि तेरणा संस्था यांची भौतिकोपचार महाविद्यालये आहेत. ग्रामीण भागात मात्र अशा तज्ज्ञांपर्यंत पोचणे आजही कठीण आहे. राज्यात या व्यवसायाच्या नियमनासाठी २००२ साली कायदा करण्यात आला. त्यामुळे उपचार घेण्यापूर्वी तज्ज्ञाची नोंदणी पाहून घेणे रुग्णाच्या हिताचे आहे.

काही गोष्टी मात्र तज्ज्ञाची वाट न पाहता करता येतील. पंचायत कार्यालयाच्या पायऱ्यांना कठडा, सार्वजनिक शौचालयात एक तरी खुर्चीसारखे आसन, वृद्धांची कामे तळमजल्यावर करण्याची व्यवस्था आणि सपाट पायवाट यांना फार मोठा निधी लागत नाही. उठता-बसता येईना म्हणून घराबाहेर पडणे सोडलेली माणसे गावाच्या सभेतून, बाजारातून आणि नातवंडांच्या शाळेतूनही हळूहळू दिसेनाशी होतात. त्यांना चालते ठेवणे हे वैद्यकाइतकेच गावाचेही काम आहे.