पेशींसाठी परांची

धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजेच प्राचीन तगर, येथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत लादून, रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचच्या बंदरावर रवाना होत असे, असा दाखला इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तगरच्या सुताचा हा लौकिक कितीही थोर असला, तरी कापसाचा तंतू सुमारे १० ते २० मायक्रोमीटर जाड, म्हणजे जवळजवळ पेशीएवढा असतो. आणि त्वचा, स्नायू, कंडरा यांसारख्या मृदू ऊतींतील पेशी ज्या कोलॅजनच्या जाळ्यात वास करतात, त्याचे तंतू साधारणतः ५० ते ५०० नॅनोमीटरच्या घरात मोडतात.

जखम खोल गेली की हे जाळेच नष्ट होते, आणि शरीर घाईघाईने व्रणाचे ठिगळ लावून मोकळे होते. ते टाळण्यासाठी पेशींना तात्पुरती परांची बांधून देण्याची कल्पना निघाली. गवंड्याची परांची काम उरकताच उतरवली जाते. ही मात्र शरीरातच विरून जावी लागते, आणि तेही नवी ऊती उभी राहण्याच्या बेताने.

जिल्ह्यातील काही शेतकरी तुती लावून जे रेशीमकोश काढतात, तसलेच कोश या कामी उपयोगी पडतात. सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांचा डिंक काढावा, उरलेले फायब्रॉइन हे रेशमाचे प्रथिन लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणात विरघळवून त्यातले क्षार काढून टाकावेत, आणि तो रस सुईतून थेंबाथेंबाने सोडताना तिला १० ते ३० हजार व्होल्टचा दाब द्यावा. थेंब ताणला जाऊन शंकूचा आकार घेतो (या शंकूचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ साली मांडले), त्याच्या टोकातून निघालेली धार हवेत चाबकासारखी वळवळत क्षणार्धात वाळते आणि समोरच्या धातूच्या पत्र्यावर नॅनोतंतूंचे पांढरे पापुद्रे साचतात. त्यांवर मिथेनॉलचा संस्कार केला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात विरघळून जाते! विजेच्या दाबाने तंतू कातण्याच्या या युक्तीचे पेटंट अँटोन फोर्महाल्स यांनी १९३४ साली घेतले होते. पण ती दीर्घकाळ अडगळीत पडली आणि १९९० च्या दशकात डॅरेल रेनेकर यांच्या खटपटीने पुन्हा प्रकाशात आली.

पत्र्याऐवजी फिरता दंडगोल ठेवला, तर तंतू एकाच दिशेने बसतात आणि पेशीही त्यांच्या रोखाने लांबट वाढतात. मज्जातंतू आणि कंडरा यांच्यासाठी हे मोलाचे.

माझ्या मते खरी अडचण कताईत नाही. तंतू जितके बारीक, तितकी त्यांच्यातील छिद्रेही लहान, आणि मग पेशी आत शिरण्याऐवजी वरच पसरून राहते. यावर तोड म्हणून पाण्यात विरघळणारे दुसरे तंतू मिसळून नंतर धुऊन काढतात, म्हणजे वाटा मोकळ्या होतात. त्यातून पेशी आत गेलीच, तरी केशवाहिनीपासून सुमारे २०० मायक्रोमीटरपलीकडे तिला प्राणवायू पोचत नाही. सबब भाजलेल्या जागेवरचे पातळ आवरण जितके आवाक्यात आले आहे, तितका जाडजूड स्नायू अद्याप आलेला नाही.