कोरडवाहू शेतीसंशोधनातील प्रादेशिक सहकार्य : बेंगळुरू, सोलापूर आणि विजापूर

केवळ पावसावर अवलंबून असणाऱ्या शेतीला मराठीत ‘जिराईत’ आणि ‘कोरडवाहू’ असे दोन शब्द रूढ आहेत. पैकी ‘जिराईत’ हा अरबी-फारसीतून महसुली दप्तरांच्या मार्गाने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘शेती’ असा आहे. कन्नड मुलखाच्या दप्तरांत याच प्रकारच्या जमिनीला ‘खुष्की’ म्हटले जाते. या फारसी शब्दाचा अर्थ ‘कोरडी’ असा होतो. एकाच दप्तरी परंपरेतून आलेले हे दोन शब्द एकाच जमिनीकडे दोन दृष्टींनी पाहतात : एकात ती शेतीचे सर्वसामान्य रूप ठरते, तर दुसऱ्यात पाण्याच्या अभावाने ओळखली जाते. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाताना काय टिकते आणि काय बदलते, हा तौलनिक अभ्यासाचा मूलभूत प्रश्न कोरडवाहू शेतीच्या संशोधनातही तितकाच मध्यवर्ती आहे.

या संशोधनाचा पाया दख्खनमध्ये घातला गेला. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे प्राथमिक काम सुरू झाले. पुढे १९३३ ते १९३५ या काळात इम्पीरिअल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या संस्थेच्या योजनेनुसार सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे केंद्रे उघडण्यात आली. मुंबई, मद्रास आणि पंजाब हे प्रांत आणि हैदराबाद संस्थान अशा चार राजवटींत ही केंद्रे विभागलेली होती. त्यांच्या निष्कर्षांचे संकलन एन. व्ही. कानिटकर यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, शेणखत, पेरणीपूर्वी वखरपाळ्या, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी हे ‘मुंबई पद्धती’चे घटक होते. तिने माती व ओल राखली; उत्पन्नातील वाढ मात्र माफकच राहिली. वाणही त्या पद्धतीला साजेसा असल्याखेरीज केवळ मशागतीने फारसे साधत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विजापूर तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि सोलापूर मुंबई राज्यात राहिले. सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरची, सारख्याच काळ्या जमिनीची ही दोन केंद्रे आता दोन राज्यांच्या प्रशासनांत आणि दोन राजभाषांत विभागली गेली. १९७० मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने कॅनडाच्या सहकार्याने अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू केला. त्याच्या जाळ्यात सोलापूर आणि विजापूर पुन्हा एकत्र आली, आणि बेंगळुरूचे कृषी विद्यापीठही त्यात सामील झाले. १९८५ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था स्थापन झाली. या जाळ्याचे समन्वयन तेथून होते.

बेंगळुरूच्या सहभागाचे महत्त्व समानतेत नसून भेदात आहे. बेंगळुरू परिसरातील लाल जमीन पाणी फार काळ धरून ठेवत नाही; पावसानंतर तिच्यावर कठीण पापुद्रा बसतो. तेथे पीक पावसाबरोबरच वाढवावे लागते. म्हणून खरिपातील नाचणी, म्हणजे तेथील रागी, हे मुख्य पीक ठरले. तिच्या ओळींमध्ये तूर वा अन्य पिके घेण्याची रीत शेतकऱ्यांत पूर्वापार आहे. सोलापूरच्या खोल काळ्या जमिनीत याच्या उलट रीत आढळते. पावसाळ्यात शेत मोकळे ठेवून ओल साठवायची आणि भाद्रपद-आश्विनात रब्बी ज्वारी पेरायची. एकीकडे पाऊस चालू असता पीक उभे असते, दुसरीकडे पाऊस सरल्यावर. त्यामुळे एका केंद्राची शिफारस दुसऱ्याने जशीच्या तशी उचलणे धोक्याचे असते. शेततळ्याचे उदाहरण बोलके आहे : काळ्या जमिनीत तळ्याचे पाणी तुलनेने टिकते, तर लाल जमिनीत अस्तर न केल्यास ते झिरपून जाते. एकच शब्द आणि एकच आराखडा असूनही परिणाम भिन्न होतो, आणि त्या भेदाची किंमत शेतकऱ्याला गेलेल्या हंगामाच्या रूपाने मोजावी लागते.

जसेच्या तसे प्रवास करते ते बीजद्रव्य आणि प्रयोगाची पद्धत. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेशाची. कर्नाटकातील मंड्या येथे सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीच्या संकरातून ‘इंडाफ’ वाणांची मालिका निर्माण केली; हे नावच इंडिया आणि आफ्रिका यांच्या आद्याक्षरांतून बनले आहे. पुढे बेंगळुरू येथे विकसित झालेल्या, करपा रोगाला प्रतिकारक अशा ‘जीपीयू २८’ या वाणाचा एक जनक ‘इंडाफ ५’ होता. दूरदेशीचे बीज येथे मुरले, पण स्थानिक वाणाशी संकर झाल्यानंतरच.

स्थानिकतेचे बळ सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे मालदांडी ज्वारीतून निवडलेल्या ‘एम ३५-१’ या वाणात अधिक स्पष्ट दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ही निवड महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या दोन्ही भागांत रुजली. रब्बी ज्वारीच्या चाचण्यांत नवे वाण दशकानुदशके तिच्याशीच ताडून पाहिले गेले. अधिक उत्पन्न देणारे वाण आले, तरी भाकरीची चव आणि जनावरांसाठी कडबा या दोन कसोट्या शेतकऱ्याने सोडल्या नाहीत. भाषेची सीमा ओलांडताना या कसोट्या बदलल्या नाहीत, कारण ‘ज्वारी’ आणि ‘जोळ’ अशी नावे वेगळी असली तरी दोन्हीकडचे ताट एकच आहे.

प्रादेशिक सहकार्य म्हणजे एका ठिकाणचे उत्तर दुसरीकडे पोचवणे नव्हे, तर एक प्रश्न अनेक मातींत विचारून उत्तरांतील फरक समजून घेणे होय. मात्र ही तुलना प्रामुख्याने इंग्रजी अहवालांत नोंदली जाते, आणि शेतकऱ्यापर्यंत मराठीत वा कन्नडमध्ये पोचते ती तिच्यातून निघालेली शिफारस. ‘काय करावे’ हे भाषांतरित होते, ‘येथे का आणि तेथे का नाही’ हे मागे राहते. ज्या शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीची पारख पिढ्यानपिढ्या शब्दांत जपली, त्याला ही कारणमीमांसा परकी नाही. ती त्याच्या भाषेत येणे हे या सहकार्याचे उरलेले काम आहे.