विलंबाचा पंचनामा
धानाच्या हमीभाव खरेदीचा हंगाम आला, की लाखांदूर-पवनीकडील शेतकऱ्यास सातबाऱ्याची निकड भासते. आणि त्याचा अर्ज संगणकीय दफ्तरात दाखल होऊन उतारा पडद्यावर उमटेपर्यंत लोटणारा काळ ओळख-तपासणी, डेटाबेसमधील शोध आणि पानाची मांडणी यांपैकी नेमका कोठे खर्च होतो, हे तर्काने नव्हे, मोजमापानेच ठरवावे लागते. प्रोफायलर ही आज्ञावली ठरावीक क्षणांतराने चालू कामाची नोंद घेते. जे काम नोंदींत वारंवार आढळते, तेथेच काळाचा मोठा व्यय. १०० मिलिसेकंदांपैकी ८० शोधात जात असतील, तर १० मिलिसेकंदांची मांडणी दुप्पट वेगवान करूनही अवघे ५ वाचतात. एकूण लाभ सुधारलेल्या भागाच्या वाट्यापुरताच मर्यादित राहतो, या तत्त्वाचे मूळ संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांच्या १९६७ च्या निबंधात आहे. शोधाचा काळ मात्र घटवता येतो: गट क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे शोधसूची, असल्यास डेटाबेसमधील सारा तक्ता चाळावा लागत नाही. म्हणून नव्या सर्व्हरच्या खरेदीस मंजुरी देण्यापूर्वी संबंधितांनी ही मोजणी अवश्य करावी.