ड्रॉ काढणारा माणूस

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची अंतिम लढत जिंकली की फोटोत कर्णधार, प्राचार्य आणि करंडक झळकतात. ड्रॉ काढणारा, पंचांची जुळवाजुळव करणारा, एका खेळाडूच्या बोनाफाईडवर शिक्का राहिला म्हणून ऑफिसात धावणारा माणूस त्या फोटोत असलाच तर कडेला असतो. बऱ्याचदा तोच फोटो काढत असतो. विद्यार्थी त्याला ‘स्पोर्ट्स सर’ म्हणतात, पगारपत्रकावर तो शारीरिक शिक्षण संचालक असतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातला महाविद्यालयीन खेळ चालतो तो याच माणसाच्या जोरावर.

अमेरिकेत या कामाचं स्वतंत्र करिअर झालं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. तिथे विद्यापीठं एकत्र येऊन क्रीडा परिषदा स्थापन करतात. ‘बिग टेन’ ही त्यांपैकी जुनी परिषद १८९६ साली सात विद्यापीठांनी उभी केली. १९२२ मध्ये तिने जॉन ग्रिफिथ यांना आयुक्त नेमलं आणि १९४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या खुर्चीवर होते. पुढे १९८९ ते २०२० या काळात जिम डेलनी आयुक्त होते. त्यांच्याच कारकिर्दीत, २००७ साली, परिषदेची स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. नियम, वेळापत्रक, प्रक्षेपणाचे करार हा तिथला पूर्णवेळ व्यवसाय आहे.

आपल्याकडे अशी वेगळी परिषद नाही. विद्यापीठ हीच परिषद. मुंबई विद्यापीठाचं क्षेत्र मुंबई शहर आणि उपनगरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत पसरलेलं. एवढ्या पसाऱ्यातल्या स्पर्धा मूठभर अधिकाऱ्यांच्या हातून होणं शक्य नाही. म्हणून यजमानपद महाविद्यालयांकडे जातं आणि निवड समितीवरचा सदस्य, संघ व्यवस्थापक या भूमिका महाविद्यालयांतले संचालकच वठवतात. स्वतःच्या कॉलेजचा संघ एका हाती आणि विद्यापीठाची जबाबदारी दुसऱ्या हाती, अशी ही दुहेरी नोकरी आहे.

या पेशाची मुळं शोधायची तर १९२० सालच्या मद्रासला जावं लागतं. हॅरी बक यांनी तिथे वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. मुंबई प्रांतात १९३८ साली कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. म्हणजे देशभरचे क्रीडा शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचा पाया घालणारा माणूस कांदिवलीतून गेला होता. स्पर्धांची चौकटही त्याच सुमाराला आकार घेत होती. विद्यापीठांची देशव्यापी संघटना १९२५ ची, आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासूनचा आणि सर्वोत्तम कामगिरीच्या विद्यापीठाला मिळणारा मौलाना आझाद करंडक १९५६-५७ चा.

या नोकरीचं दार मात्र सोपं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी हवी आणि बहुतेकांना नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावीच लागते. शिवाय स्वतः स्पर्धांत खेळल्याचा पुरावा लागतो. मुलाखतीआधी धावावंही लागतं. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर कापायचं, महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १,००० मीटर. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला हे करावं लागत नाही. पण वेतनाची पायरी दोघांची सारखीच, सातव्या वेतन आयोगाच्या स्तर १० वर, ५७,७०० रुपयांपासून.

आता या पट्ट्याकडे वळू. उल्हासनगर वसलं ते कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी एक ते पाच क्रमांकांचे कॅम्प भरून टाकले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नगराची कोनशिला बसली. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाचं चांदीबाई महाविद्यालय आणि तलरेजा महाविद्यालय ही त्याच समाजाने उभी केलेली घरं. अंबरनाथला सायसेस महाविद्यालय आहे, बदलापूरच्या कुळगावात आदर्श महाविद्यालय. मैदानांची मात्र टंचाई. उल्हासनगरात गोल मैदान आणि व्हीटीसी मैदान ही नावं सर्वांना ठाऊक, पण त्यांवर शहरभराचा हक्क. अंबरनाथला आयुध निर्माणीच्या वसाहतीत मोकळी जागा आहे, ती निर्माणीच्या ताब्यात.

विद्यापीठाचं क्रीडा पॅव्हेलियन मरीन लाईन्सला. बदलापूर स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर, अंबरनाथ ६०. सकाळच्या शर्यतीला हजर राहायचं तर संचालकाने अंधारात लोकल पकडायची, गर्दीत भाले आणि थाळ्या सांभाळायच्या. संघातली एखादी मुलगी कल्याणला चुकली तर रिलेची चौकडी कोलमडते आणि संघ शर्यतीबाहेर जातो. जुलैत उल्हास नदीच्या काठचा पाऊस सराव बुडवतो, तेव्हा बुद्धिबळ, कॅरम, टेबल टेनिस यांवर भर दिला जातो.

कागदाचं काम तर वर्षभर. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडूचं वय १ जुलैला १७ ते २५ या मर्यादेत हवं, प्रवेश नियमित हवा. बारावीनंतर वर्षं वाया गेली असतील, तर त्याचा हिशेब द्यावा लागतो. मुंबईचा संघ पश्चिम विभागात खेळतो. तिथून पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत जातात. संघ व्यवस्थापक म्हणून गेलेल्या संचालकाच्या माथी रेल्वे आरक्षण, टीए-डीए, आजारी पडलेला गोलरक्षक आणि घरून वारंवार फोन करणारे पालक, सगळंच येतं.

चढायच्या पायऱ्या थोड्या. महाविद्यालयातून वरिष्ठ श्रेणी, मग विद्यापीठात उपसंचालक, शेवटी संचालक. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ ने विद्यापीठ स्तरावर क्रीडा व शारीरिक शिक्षण संचालक आणि त्याच नावाचं मंडळ यांना स्थान दिलं. पण एका विद्यापीठात संचालक एकच, त्यामुळे बहुतेकांची कारकीर्द पहिल्याच कॉलेजात संपते. बाहेरून गेलेली एक वाट मात्र लक्षात राहण्यासारखी आहे. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे प्रा. रत्नाकर शेट्टी मुंबई क्रिकेट संघटनेमार्गे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे मुख्य प्रशासकीय अधिकारी झाले आणि २०११ च्या विश्वचषकाचे स्पर्धा संचालक होते. शारीरिक शिक्षणाची पदवी न घेता त्यांनी प्रशासनात जे साधलं, त्यामागे संघटनेतली दीर्घ मेहनत होती.

वरच्या स्पर्धा वाढत चालल्या आहेत. २०२० साली भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या, राज्यपाल कार्यालयाचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव आधीपासून आहेच. त्यात २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि सहअभ्यासक्रमात क्रीडा, योग, आरोग्य यांना श्रेयांक आले. पूर्वी खेळाडूला सवलतीचे दहापर्यंत गुण मिळायचे, तेवढ्यापुरता जिमखाना, म्हणजे कॉलेजचा क्रीडा विभाग, परीक्षा विभागाच्या दारात जाई. आता संघात नसलेले विद्यार्थीही हजेरी आणि मूल्यमापनासाठी जिमखान्याकडे येतात. जिथे पूर्णवेळ संचालक आहे, तिथे हा भार एका पदावर पडतो. जिथे ते पद रिकामं किंवा तासिका तत्त्वावर आहे, तिथे तो जिमखाना चेअरमन म्हणवणाऱ्या वाणिज्याच्या प्राध्यापकाकडे जातो, आणि विभागीय स्पर्धांचा ड्रॉही त्यालाच काढायचा असतो.