ठोकळमानाची शिस्त : अल्बर्ट मालविनो आणि दोन वर्षांचे कॉलेज

महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांत आणि विज्ञान महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या विद्यार्थ्यांना ‘मालविनो’ हे नाव माणसाचे म्हणून कमी आणि एका जाडजूड पाठ्यपुस्तकाचे म्हणून अधिक ठाऊक असते. ‘मालविनोतून करा’ असे म्हणताना ‘इलेक्ट्रॉनिक प्रिन्सिपल्स’ हे पुस्तकाचे खरे नाव गळून पडते, आणि ते कोणी व कोणत्या विद्यार्थ्यासाठी लिहिले हा प्रश्नही त्याबरोबर गळतो. अल्बर्ट पॉल मालविनो यांनी शिकवण्याचे काम केले ते एखाद्या बड्या विद्यापीठात नव्हे, तर कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात. आणि त्या कॉलेजाचे स्वरूप ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या पुस्तकाची घडण नीट उमगत नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतील, त्या त्या भागातील रहिवाशांसाठी चालवलेले, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे सार्वजनिक महाविद्यालय. इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले कॉलेज या प्रकारातील सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज मानले जाते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा असा कायदा १९४४ मध्ये झाला आणि या कॉलेजांत विद्यार्थ्यांची रीघ लागली. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाची जी तीन पायऱ्यांची योजना आखली, तीत शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचा एक अष्टमांश भाग कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, वरचा एक तृतीयांश भाग राज्य महाविद्यालयांकडे, आणि ज्याला शिकून लाभ होईल अशा प्रत्येकासाठी दोन वर्षांच्या कॉलेजाचे दार उघडे, अशी विभागणी होती. त्यामुळे येथील वर्गात नुकताच शाळा सोडलेला मुलगा, दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी येणारा कामगार आणि पुढे विद्यापीठात जाऊ पाहणारा होतकरू विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. शिक्षकाकडून संशोधनाची अपेक्षा नसते; शिकवणे हेच त्याचे काम असते.

मालविनो या वर्गापर्यंत आले ते बऱ्याच वळणांनी. १९५० ते १९५४ या काळात ते अमेरिकी नौदलात इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ होते, म्हणजे यंत्रणेचा आराखडा काढणाऱ्यांपैकी नव्हे, तर ती बंद पडल्यावर उघडून दुरुस्त करणाऱ्यांपैकी. त्यानंतर सँटा क्लारा विद्यापीठातून १९५९ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी, पुढील पाच वर्षे मायक्रोवेव्ह लॅबोरेटरीज आणि ह्यूलेट-पॅकार्ड येथे अभियंत्याची नोकरी, ती सांभाळत सॅन होजे येथून १९६४ मध्ये पदव्युत्तर पदवी, आणि मग फूटहिल कॉलेजात चार वर्षे अध्यापन, असा हा क्रम आहे. फूटहिल कॉलेज १९५८ मध्ये सुरू झाले आणि १९६१ मध्ये लॉस आल्टोस हिल्स येथील आजच्या जागी आले. भोवतालच्या जर्दाळूच्या आणि प्लमच्या बागा तोडून त्या जागी इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने उभे राहत होते, परंतु ‘सिलिकॉन व्हॅली’ हे नाव अजून पडले नव्हते. व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे काचेची निर्वात नळी, मागे पडून तिची जागा ट्रान्झिस्टर घेत होता, म्हणून शिक्षकाला आपली जुनी टिपणे बाजूला ठेवून नव्याने मांडणी करणे भाग होते.

या मांडणीतील मध्यवर्ती कल्पना १९६८ मध्ये निघालेल्या त्यांच्या एका पुस्तकाच्या नावातच आहे : ‘ट्रान्झिस्टर सर्किट अ‍ॅप्रॉक्झिमेशन्स’, अर्थात ट्रान्झिस्टरच्या परिपथांची ठोकळमाने. तिचे उत्तम उदाहरण डायोडचे आहे. डायोड हा विजेच्या प्रवाहाला एकाच दिशेने वाट देणारा घटक होय. पहिल्या ठोकळमानात तो निर्दोष झडपेसारखा धरायचा : उघडला की अडथळा शून्य. दुसऱ्यात तो उघडण्यासाठी ०.७ व्होल्ट खर्ची पडतात हे मान्य करायचे, आणि तिसऱ्यात त्याच्या स्वतःच्या अल्पशा रोधाचाही हिशेब घ्यायचा. दहा व्होल्टचा पुरवठा, एक हजार ओहमचा रोधक आणि एक सिलिकॉन डायोड एकापुढे एक जोडले, तर पहिल्या हिशेबाने प्रवाह १० मिलिअ‍ॅम्पिअर येतो, दुसऱ्याने ९.३ येतो, आणि तिसऱ्याने त्यात दशांशानंतरच्या तिसऱ्या स्थानी काय तो फरक पडतो. बाजारातला साधा रोधकच मुळी छापील किमतीपेक्षा पाच टक्के कमी-जास्त असू शकतो, म्हणजे प्रत्यक्षात प्रवाह ८.९ ते ९.८ च्या दरम्यान कोठेही असेल. अशा स्थितीत तिसरा हिशेब करणे म्हणजे भाजीच्या तराजूवर सोने तोलण्याचा आव आणणे होय. परंतु हाच पुरवठा दीड व्होल्टचा असला, तर पहिला हिशेब १.५ मिलिअ‍ॅम्पिअर सांगतो आणि दुसरा ०.८, आणि येथे ढोबळपणा सरळ चुकीत जमा होतो. केव्हा किती अचूकता पुरे आहे, हे ओळखण्याचे शिक्षण यात आहे, आणि ते गणित टाळण्याच्या सोयीपेक्षा पुष्कळ वरचे आहे.

ट्रान्झिस्टरच्या बाबतीत हा विचार अधिकच उपयोगी पडतो, कारण एकाच क्रमांकाच्या दोन ट्रान्झिस्टरांची प्रवाह-वृद्धी, म्हणजे लहान प्रवाहाच्या बळावर मोठा प्रवाह किती पटीने नियंत्रित होतो ते मान, सारखी नसते. २एन३९०४ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टरसाठी ती १० मिलिअ‍ॅम्पिअरला १०० ते ३०० यांमध्ये कितीही असू शकते. तेव्हा या आकड्यावर विसंबणारा परिपथ मुळातच नको, हे विद्यार्थ्याच्या मनावर ठसवावे लागते. त्यापुढची पायरी दोष शोधण्याची. ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे लहान प्रवाह घेणाऱ्या टोकाला, दोन रोधकांच्या विभाजकातून व्होल्टेज मिळत असेल आणि त्यातील वरचा रोधक तुटला, तर बेसला काहीच मिळत नाही, ट्रान्झिस्टर बंद पडतो आणि कलेक्टरवर, म्हणजे मोठा प्रवाह जिथून आत येतो त्या टोकावर, पुरवठ्याचे पूर्ण व्होल्टेज दिसते. खालचा तुटला, तर बेसचे व्होल्टेज चढते आणि ट्रान्झिस्टर पूर्ण उघडून बसतो. मीटरवरच्या आकड्यावरून मागे जात बिघाडाचे ठिकाण गाठण्याचे हे तर्कशास्त्र ‘इलेक्ट्रॉनिक प्रिन्सिपल्स’च्या प्रकरणा-प्रकरणांत येते, आणि त्यामागे नौदलातला तंत्रज्ञ उभा आहे असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

१९६८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती मिळाल्यावर मालविनो जवळच्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९७० मध्ये डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. पदवी एवढी वजनदार असूनही त्यांनी संशोधनाची वाट धरली नाही, तर पूर्ण वेळ पाठ्यपुस्तकलेखन पत्करले. ‘इलेक्ट्रॉनिक प्रिन्सिपल्स’ची पहिली आवृत्ती १९७३ ची आहे. १९७७ च्या ‘डिजिटल कॉम्प्युटर इलेक्ट्रॉनिक्स’मध्ये त्यांनी ‘सॅप-१’ हा संगणक मांडला. ‘शक्य तितका साधा’ असा त्या नावाचा अर्थ. त्याची स्मृती अवघी १६ बाइटांची आणि त्याला कळणाऱ्या आज्ञा पाचच : आकडा उचल, मिळव, वजा कर, दाखव आणि थांब. एवढ्यात उपयोगाचे काम फारसे होत नाही, परंतु एकेक आज्ञा सहा टप्प्यांतून कशी पार पडते हे विद्यार्थ्याला तार न् तार पाहता येते, आणि म्हणूनच अमेरिकेत यूट्यूबवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या बेन ईटर यांनी अलीकडे ब्रेडबोर्डवर, म्हणजे सुटे भाग खोचून जोडायच्या पाटीवर, संगणक उभा करून दाखवताना याच आराखड्याचा आधार घेतला.

या पद्धतीवर आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही : ठोकळमानाची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला अर्धवाहकाच्या आत खरोखर काय घडते याचे गणित पुढे जड जाते. तथापि आपल्याकडे ‘इलेक्ट्रॉनिक प्रिन्सिपल्स’चे जे झाले ते याहून वेगळे आहे. पदविका आणि बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमांत ते आले, परंतु बिघाड शोधण्यावर परीक्षेत क्वचितच गुण असल्यामुळे विद्यार्थ्यांनी त्यातली उदाहरणे सोडवली आणि दोषनिदानाची पाने उलटून टाकली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या, पदवी नसलेल्या कारागिराला जी विद्या हाताने अवगत होती, नेमकी तीच या पानांत शिस्तीने लिहिलेली होती, आणि तीच वर्गाबाहेर राहिली.

‘इलेक्ट्रॉनिक प्रिन्सिपल्स’च्या पुढील आवृत्त्यांसाठी मालविनो यांच्या जोडीला डेव्हिड बेट्स हे सहलेखक आले. विस्कॉन्सिनमधील ला क्रॉस येथे ज्या वेस्टर्न टेक्निकल कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवीत, तेही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांचेच कॉलेज आहे.