बूट घेताना चकाकी नको, चामडं पाहा

पाथर्डीच्या बाजारपेठेत चपला-बूट दुरुस्तीचं माझं दुकान आहे. लग्नसराई सरली की नवरदेवांचे बूट माझ्याकडे यायला लागतात. चार वेळा घातलेले, अन् बोटांच्या वळणावर पापुद्रे सुटलेले. "टाका मारून द्या," म्हणतात. पण टाका धरणार कशाला? आत कापड आणि वर पीयू नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ थर, चामडं नावालाही नाही. ऊसतोडीवर राबून आणलेले पैसे असे वाया गेलेले बघवत नाहीत, म्हणून हे सांगतो.

कातड्याचा केसांकडचा, सगळ्यात वरचा थर मोलाचा. तिथले तंतू बारीक आणि घट्ट विणलेले असतात. तो न घासता, केसांची छिद्रं तशीच ठेवून कमावलेलं चामडं म्हणजे फुल ग्रेन. उत्तम बूट याचेच. त्यावर ओरखडे, गोचिडीचे डाग असतील तर वरचा थर घासतात, रंगाचा जाड हात देतात आणि यंत्राखाली दाबून नवा दाणा उठवतात. ते करेक्टेड ग्रेन. रोजच्या नोकरीला चालतं, पण मुडपतं तिथे जाड घड्या पडतात. जाड कातडं आडवं चिरून खालचा थर काढला की ते स्प्लिट. त्याची लव उठवली तर स्वेड होतं, वर आवरण चढवलं तर गुळगुळीत बूट होतो. त्यावर "असली लेदर" लिहिलेलं खोटं नसतं, पण वरच्या थराची ताकद त्यात नसते.

जनावर कोणतं, हेही बघावं. परदेशातले महागडे बूट वासराच्या चामड्याचे असतात, कारण त्याचा दाणा फार बारीक. आपल्या राज्यात २०१५पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून आपण म्हैस, शेळी, मेंढीचं चामडं ओळखावं. म्हशीचं चामडं जाड, दणकट, मोठ्या दाण्याचं. शेळीचं मऊ आणि चिवट, अस्तरालाही चांगलं. मेंढीचं मऊ खरं, पण लवकर फाटतं.

कमावण्याच्या रीती मुख्यतः दोन. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं ताठ राहतं, म्हणून तळाला उत्तम. कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती याच चामड्याची. दुसरी रीत क्रोमच्या क्षारांची. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४मध्ये तिचं पेटंट घेतलं. आठवड्यांचं काम त्यामुळे एक-दोन दिवसांवर आलं. हे चामडं मऊ राहतं, पाणी सोसतं, म्हणून बुटाचा वरचा भाग बहुधा याचाच.

दुकानात बूट हातात घ्या. अंगठ्याने दाबा. बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठल्या आणि बोट काढताच विरल्या, तर चामडं चांगलं. सगळीकडे दाणा अगदी एकसारखा दिसला, तर तो छापलेला समजा. जिभेची कापलेली कड पाहा. तंतू दिसले तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. वासावर विसंबू नका, वास फवारताही येतो. काही बुटांवर चिन्हं असतात. पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे चामडं, त्याच चित्रात चौकट असेल तर आवरण चढवलेलं चामडं, नुसती चौकट म्हणजे दुसराच माल.

चांगला बूट घेतला की तो जपावाही लागतो. आपल्या भागातला उन्हाळा कोरडा आणि कडक. पत्र्याच्या घरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेला बूट वर्षभरात खराब होतो. कापडी पिशवीत ठेवा, आत कागद भरा, महिन्यातून एकदा क्रीम लावा. पावसात भिजला तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको.

मढीच्या यात्रेत किंवा मोहट्याच्या नवरात्रात चकचकीत बूट दिसला, तर भाव विचारण्याआधी त्याची कड पाहा. थोडे पैसे साठवून एकच जोड घ्या, पण वरच्या थराचा आणि शिवलेल्या तळाचा घ्या. तळ झिजला तर नवा बसवता येतो. पापुद्रे सुटलेल्या बुटाला मात्र कोणताच कारागीर वाचवू शकत नाही.