वर्ग चर्चचा, पगार सरकारचा, पेज देणगीची

मलावीतल्या निम्म्याहून अधिक प्राथमिक शाळा चर्चच्या मालकीच्या आहेत. १८७५ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी लिव्हिंगस्टोनिया मिशन काढले, तेव्हापासूनची ही परंपरा. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देते. छप्पर, बाके, बोअरवेल यांसाठी बहुधा परदेशी देणगीदारांकडेच पाहावे लागते. १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि पट एकदम सुमारे दहा लाखांनी फुगला. खोल्या तेवढ्याच राहिल्या, म्हणून वर्ग झाडाखालीही भरू लागले.

मुले टिकतात ती बऱ्याच ठिकाणी पेजेमुळे. मका आणि सोयाच्या पिठाची ही 'फाला' गावातल्या बायाच पहाटे चुलीवर रटरटवतात, तीही विनामोबदला. स्कॉटलंडच्या 'मेरीज मील्स' संस्थेने २००२ मध्ये इथेच दोनशे मुलांपासून सुरुवात केली. जानेवारी ते मार्च, म्हणजे नवा मका घरात येण्याआधीच्या टंचाईत, या पेजेची खरी किंमत कळते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉलरचा सरकारी दर ११८० वरून १७०० क्वाचांवर गेला. पौंडातली देणगी कागदावर वाढली खरी, पण डिझेल आणि आयात पुस्तकेही महागली. हिशेब ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाला हा नफा म्हणावा की तोटा, हे महिनाअखेरीसच समजते.